मिशनच्या रजेवर बेळगावला येताना: तारखा, कागद, तब्येत आणि मंडळ्यांच्या भेटी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून ख्रिस्ती मिशनच्या कामासाठी परदेशी सेवाक्षेत्रात गेलेल्या आणि काही वर्षांनी सहा ते दहा महिन्यांसाठी मायदेशी येणाऱ्या कुटुंबांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः पूर्व आफ्रिकेची आहेत. तिथून येताना आरोग्याचे आणि कागदांचे प्रश्न जास्त येतात. नेपाळ किंवा आखातातून येणाऱ्यांनी त्यातलं लागू पडेल ते घ्यावं.

मिशनच्या कागदांत या रजेला 'फर्लो' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द लोकांना तुरुंगाच्या बातम्यांतून माहीत आहे. घरमालकाला, शाळेला, बँकेला लिहिताना 'मायदेशी रजा' असंच लिहा.

सुट्टीवर येतोय असं समजून निघालात तर पहिल्याच महिन्यात दमून जाल. एक बिऱ्हाड बंद करायचं, दुसरं तात्पुरतं मांडायचं, तेही मोडायचं आणि पहिलं पुन्हा उघडायचं, असं हे काम आहे. ते बिघडतं बहुधा एकाच कारणानं. स्वस्त मिळालं म्हणून तिकीट आधी काढलं जातं आणि कर, शाळा, पाऊस, मंडळ्या (म्हणजे चर्चचे समुदाय) या सगळ्यांना त्या तारखेमागं फरफटत नेलं जातं. तारीख शेवटी ठरवा. त्याआधी पुढच्या गोष्टी कॅलेंडरवर मांडा.

तारीख कशी ठरवायची

पहिला हिशेब आयकराचा. भारतीय आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. परदेशात राहणारा भारतीय नागरिक भेटीसाठी आला आणि एका आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस इथं राहिला, तर तो त्या वर्षापुरता निवासी ठरतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते, पण मिशनच्या कुटुंबाला तो प्रश्न क्वचितच येतो. १ मे ला येऊन ३१ डिसेंबरला गेलात तर एकाच वर्षात २४५ दिवस भरतात. ५ ऑक्टोबरला येऊन पुढच्या ३० जुलैला गेलात तर ३१ मार्चपर्यंत १७८ आणि त्यानंतर १२१ दिवस होतात. जवळजवळ दहा महिने राहूनही दोन्ही वर्षांत तुम्ही मर्यादेच्या आत. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस दोन्ही धरा, आणि मधल्या वर्षांत लग्नकार्याला आला असाल तर त्याच आर्थिक वर्षातले ते दिवसही मिळवा. हिशेब काठावर येत असेल तर तिकिटाआधी सनदी लेखापालाला दाखवा. आठवडाभर मागेपुढे केल्यानं प्रश्न मिटतो, आणि तिकीट निघाल्यावर तो आठवडा महाग पडतो.

दुसरा हिशेब पावसाचा. जून ते सप्टेंबर बेळगावात गारठा आणि ओल असते. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे तर पाऊस थांबतच नाही. उन्हात वाढलेली मुलं जुलैत उतरली की पहिला महिना सर्दी-खोकल्यात जातो, कपडे वाळत नाहीत आणि गावोगावच्या भेटी पुढं ढकलाव्या लागतात. पावसाळ्यात यायचंच असेल तर ते महिने घर, दवाखाना आणि कागद यांसाठी ठेवा, फिरती नको.

तिसरा हिशेब गावाच्या कामाचा. खानापूर तालुक्यात जुलैत भाताची लावणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणी. निपाणी-चिकोडीकडे दिवाळीपासून पुढं ऊसतोडीची घाई. या दिवसांत संध्याकाळची सभा ठरवली तर बाकं रिकामी राहतात, आणि त्यात मंडळीचा दोष नसतो. डिसेंबरभर मंडळ्या नाताळच्या तयारीत असतात. साक्ष (विश्वासाचा स्वतःचा अनुभव) आणि सेवेचा अहवाल ऐकायला लोक निवांत असतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ईस्टरनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत. मे महिना लग्नांचा. नातलग भेटतात, पण मंडळी पांगलेली असते.

आणखी तीन गोष्टी खास इथल्या. १ नोव्हेंबरला शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी संघटनांचा काळा दिन एकाच दिवशी असतो. त्या दिवशी विमानतळ, स्टेशन किंवा सामानाची वाहतूक ठरवू नका. डिसेंबरमध्ये सुवर्णसौधात विधानसभेचं अधिवेशन भरतं तेव्हा लॉजच्या खोल्या मिळत नाहीत. सीमेवरच्या तणावात दोन्ही राज्यांच्या बस कधी कधी बंद होतात, फेब्रुवारी २०२५ मध्ये तसंच झालं. कोल्हापूरहून बसनं येऊन त्याच रात्री विमान पकडायचं, असा बेत म्हणूनच करू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: उतरल्यानंतरचे पहिले तीन आठवडे कोणत्याही मंडळीला देऊ नका. "पुढच्याच रविवारी या" असं प्रेमानं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना तारीख द्या, पण चौथ्या आठवड्यापासून पुढची. झोप, पोट, कागद आणि आईवडील यांना ते तीन आठवडे कमीच पडतात.

सहा महिने आधी: कागद

सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र काढून टेबलावर ठेवा. परतीच्या प्रवासाच्या तारखेनंतरही प्रत्येकाची मुदत किमान सहा महिने उरली पाहिजे आणि कोरी पानं हवीत. चूक बहुधा मुलांच्या पासपोर्टात निघते. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, मुलांचा पाच वर्षांचा किंवा वयाची अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यांतलं आधी येईल तेवढा. आईबापाच्या तारखा लक्षात राहतात, धाकट्याची राहत नाही. नूतनीकरण तिकडच्या भारतीय दूतावासात करणार असाल तर खानापूर किंवा चिकोडीच्या पत्त्यावर पोलिस पडताळणी येऊ शकते. घरी कोण सापडेल आणि काय उत्तर देईल हे आधी सांगून ठेवा. नवा पासपोर्ट आल्यावर जुना टाकून देऊ नका. कामाचा परवाना जुन्यावर असेल तर दोन्ही बरोबर लागतात.

बाळ तिकडे जन्मलं असेल तर सगळं सोडून हे आधी करा. भारतीय आईबापाच्या मुलाचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवावा लागतो. त्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईबापांनी लिहून द्यायचं असतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि त्यात किती महिने जातील हे कुणाच्या हातात नसतं.

नावांचं स्पेलिंग तपासा. कर्नाटकातल्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आद्याक्षरात असतं, आधारवर पूर्ण असतं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. तीन कागदांवर तीन माणसं दिसतात. पासपोर्ट मुख्य धरा आणि नवा प्रत्येक अर्ज त्याच्याशी अक्षरशः जुळवा. गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या पासपोर्टवर जन्मस्थान 'बेलगाम' असेल तर ती चूक नव्हे, पण मुलाच्या अर्जात आईबापाच्या पासपोर्टवर आहे तसं लिहावं म्हणजे विचारणा होत नाही. खानापूरच्या पत्त्यात जिल्हा आणि पिनकोड ५९१३०२ न चुकता लिहा. सांगली जिल्ह्यातही खानापूर आहे, आणि पार्सलं तिकडे जातात.

मिशनच्या मुख्य कार्यालयाकडून एक पत्र घ्या: रजेची सुरुवात, शेवट, परत रुजू होण्याची तारीख, कुटुंबातल्या सगळ्यांची नावं. सही-शिक्क्याच्या सहा मूळ प्रती. बँक, घरमालक, शाळा, विमा, तिकडचं इमिग्रेशन, सगळीकडे हेच पत्र लागतं आणि झेरॉक्स चालेलच असं नाही. तिकडच्या कामाच्या परवान्याला इतके महिने देशाबाहेर राहिलेलं चालतं का, हे त्या कार्यालयाकडून लेखी घ्या. परवाना रजेतच संपत असेल तर निघण्याआधी वाढवा. बेळगावातून तो वाढवणं फार जिकिरीचं होतं.

घरात कुणी परदेशी नागरिक असेल, किंवा ओसीआय कार्डधारक (भारतीय मुळाचा परदेशी नागरिक) असेल, तर एक नियम नीट समजून घ्या. मिशनरी कामासाठी ओसीआय कार्डधारकाला विशेष परवानगी लागते. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या पाहुण्यानं उपासनेला बसायला हरकत नाही, पण उपदेश करायचा नाही. मंडळी आग्रह करते, "दोन शब्द बोला" म्हणते. नकार तुम्हीच आधी कळवा, पाहुण्यावर ती वेळ आणू नका. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला असेल तर यजमानानं चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. लोक तिला 'सी फॉर्म' म्हणतात. ही नोंद फक्त हॉटेलांनी करायची असा समज आहे, तो चुकीचा आहे.

मोबाइल नंबर आणि आधार

छोटी दिसणारी पण सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट म्हणजे जुना भारतीय मोबाइल नंबर. ९० दिवस वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढं दुसऱ्याला देते. बँक, आधार, पॅन सगळं त्याच नंबराला जोडलेलं असतं. ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जातो आणि तुम्ही स्वतःच्याच खात्याबाहेर राहता. सेवाक्षेत्रात असतानाच तो नंबर रोमिंगसह चालू ठेवा, किंवा सिम घरच्या भरवशाच्या माणसाच्या फोनमध्ये ठेवून रिचार्ज करत राहा. बँकेच्या खात्यात दोन वर्षं स्वतःचा एकही व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. वर्षातून एकदा हजार रुपये इकडून तिकडे केले तरी पुरतं.

मुलांचं आधार काढायचं असेल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज करा. वैध भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाला १८२ दिवस थांबावं लागत नाही. पाच आणि पंधरा वर्षांच्या वयाला बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करावी लागते. मोठ्या मुलांची ती राहून गेलेली असते. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार बाईमाणसाकडे असेल तर राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास शक्ती योजनेत मोफत होतो. महिन्याभराच्या फिरतीत हा खर्च बराच वाचतो.

पैसे

इथं चुका भाबडेपणानं होतात आणि नंतर महाग पडतात.

परदेशातली मंडळी तुमच्या रजेसाठी पैसे पाठवायचं म्हणते आणि सोयीसाठी ते बेळगावच्या एखाद्या चर्चच्या खात्यावर मागवले जातात. हे करू नका. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणी असली तरी ती रक्कम आधी संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. नोंदणी नसलेल्या गावच्या चर्चनं तुमच्यावरच्या प्रेमापोटी ते पैसे घेतले, तर कायद्याच्या कचाट्यात ते सापडतं. तुम्ही तोवर परत गेलेले असता. भारतीय नागरिकानं परदेशात कमावलेल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं दान मात्र परदेशी देणगी ठरत नाही.

तुमचं मानधन तिकडच्या खात्यात जमा होऊ द्या आणि तिथून गरजेप्रमाणे इकडे आणा. थेट भारतातल्या खात्यात आलं तर ते भारतातच मिळालेलं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. अनिवासी असताना जुनं साधं बचत खातं तसंच चालवणंही नियमात बसत नाही. ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशाचं खातं) करून घ्या आणि बाहेरून येणाऱ्या रकमेसाठी एनआरई हे अनिवासींचं दुसरं खातं ठेवा.

उलट दिशेचा प्रश्न मंडळ्यांच्या भेटीत येतो. "तुमच्या दवाखान्यासाठी आम्ही गोळा करतो" असं लोक म्हणतात. इथल्या चर्च-ट्रस्टला ती रक्कम परदेशी पाठवणं सोपं नाही. देशाबाहेर खर्च झालेल्या पैशाला ट्रस्टची करसवलतही सहसा मिळत नाही. मिशनचं भारतात कार्यालय असेल तर दान तिथं, पावतीनं. स्वतःच्या खिशात रोख कधीही घेऊ नका, दोनशे रुपये असले तरी. दोघांनी मोजायचं, वहीत लिहायचं, पावती त्याच मंडळीच्या पुस्तकातून फाडायची.

तिकडचं घर बंद करताना

घर रिकामं ठेवण्यापेक्षा कुणाला राहायला देणं बरं. कुणी नसेल तर फ्रिज रिकामा करून, पुसून, दार काठीनं उघडं ठेवा. गादी उभी करा. पुस्तकं आणि कागद पत्र्याच्या ट्रंकेत, कापराच्या वड्या घालून, ट्रंक विटांवर. वाळवी जमिनीवरून चढते. गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा, आणि पंधरवड्यातून एकदा गाडी कोण सुरू करणार हे ठरवा. घरकामाच्या माणसांचा पगार आगाऊ एकगठ्ठा देऊ नका. दरमहा कोण देणार ते नाव लिहून द्या. दवाखान्याच्या किंवा शाळेच्या बँक खात्यावर सहीचे अधिकार निघण्याआधी दोन महिने बदला. शेवटच्या आठवड्यात बदललेली सही बँकेत अडकते आणि तिथल्या लोकांचे पगार थांबतात.

सामान आणि वाट

आफ्रिकेहून येणारी बहुतेक विमानं मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरूला उतरतात. बेळगावचा सांबऱ्याचा विमानतळ देशांतर्गत आहे. दोन तिकिटं वेगवेगळी काढली तर सामानाचा घोळ होतो: आंतरराष्ट्रीय तिकिटावर बहुधा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो. चौघांच्या कुटुंबाला त्या फरकाचे पैसे मुंबईच्या काउंटरवर भरावे लागतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर मुंबईहून स्लीपर बस किंवा रेल्वे धरा. विमान उतरणं आणि पुढची गाडी यांत निदान सहा तास ठेवा. गोव्यात मोपा किंवा दाबोळीला उतरलात तर चोर्ला घाटानं बेळगावला चार तास धरा. पावसाळ्यात रात्री त्या घाटानं मुलांना घेऊन येऊ नका.

एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर पैसे भरूनही ती घेत नाहीत. घरी स्प्रिंगचा काटा ठेवा. प्रत्येक बॅगेत सगळ्यांचे थोडे थोडे कपडे घाला. एक बॅग हरवली तर एकाच मुलाचं सगळं जात नाही. मूळ कागद, औषधं, चष्मे आणि धाकट्याची आवडती चादर हातातल्या पिशवीत.

भेटवस्तूंत बिया, रोपं, माती, शिंपले, पिसं, कातडं आणि हस्तिदंत आणू नका. कस्टमवर अडतं, आणि त्यातलं काही थेट गुन्ह्यात मोडतं. बंद पाकिटातली भाजलेली कॉफी किंवा चहा सगळ्यांना सारखा द्यावा. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. परकीय चलनाच्या नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त असतील, किंवा नोटा आणि इतर मिळून १०,००० डॉलरच्या वर, तर उतरल्यावर जाहीर करावं लागतं.

पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा. टोचल्यानंतर दहा दिवस झालेले असले पाहिजेत. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अदिस अबाबा किंवा नैरोबीला नुसतं विमान बदललं तरी विचारणा होऊ शकते.

राहायला घर

आईवडिलांच्या घरी पंधरा दिवस आनंदात जातात. तिसऱ्या महिन्यात दोन्ही बाजू अवघडतात. जवळच, पण वेगळं घर घ्या. टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प, शहापूर या भागांत सहा-आठ महिन्यांसाठी घर शोधताना भाड्याआधी तीन गोष्टी विचारा. नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि टाकी किती लिटरची? पावसात कोणती भिंत ओलावते? मुदतीआधी सोडलं तर डिपॉझिटचं काय? करार अकरा महिन्यांचा असला तरी 'दोन महिन्यांच्या सूचनेवर सोडता येईल' हे वाक्य लिहून घ्या. घरात शिरताना हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरचा आकडा फोटो काढून ठेवा. गॅसचं जुनं कनेक्शन बंद झालं असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, दोन आणले की स्वयंपाक अडत नाही. भांडी, गाद्या, टेबल विकत घेऊ नका. मंडळीतल्या घरांतून यादी करून मागून घ्या, प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवा आणि जाताना त्याच चिठ्ठीनुसार परत करा.

तब्येत

हे सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. आफ्रिकेतून आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत आलेला ताप हा मलेरिया नाही असं ठरेपर्यंत मलेरियाच समजा. तिकडचा फाल्सिपेरम मलेरिया बहुतेक वेळा या मुदतीत डोकं काढतो आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततो. बेळगावात पावसाळी तापाला डॉक्टर आधी डेंगी, चिकनगुनिया, टायफॉइड धरतात. इथल्या अनुभवाप्रमाणे त्यांचं बरोबरच आहे. म्हणून दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हे: "आम्ही अमुक तारखेला आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची तपासणी आजच करा." पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर बारा ते चोवीस तासांच्या अंतरानं आणखी दोनदा करा. आजीआजोबांनाही हे सांगून ठेवा, कारण तुम्ही फिरतीवर असताना नातवाला ताप आला तर काढा देऊन वाट पाहिली जाते. व्हायवॅक्स आणि ओव्हेल प्रकारचा मलेरिया यकृतात दडून कित्येक महिन्यांनीही उलटतो. त्यावरची प्रायमाक्विनची गोळी देण्याआधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी लागते.

व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवरात मुलं पोहली असतील तर बिलहार्झियाची तपासणी मागा. हा जंत गोड्या पाण्यातून कातडीवाटे शिरतो आणि वर्षानुवर्षं मूत्राशयाला, आतड्याला, यकृताला इजा करत राहतो. भारतात हा आजार जवळजवळ नाहीच, तेव्हा इथले डॉक्टर आपणहून तपासणार नाहीत. शेवटचं पोहणं झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी केली तर निदान पक्कं होतं. औषध प्राझिक्वाँटेल, वजनाप्रमाणे.

दातांची तपासणी पहिल्या पंधरवड्यात करा. रूट कॅनॉल आणि वरची टोपी यांना चार-पाच फेऱ्या लागतात, आणि शेवटच्या महिन्यात सुरू केलेलं काम अर्धं राहतं. डोळे, साखर, रक्तदाब आणि बायकांच्या तपासण्या दुसऱ्या महिन्यात. मिशनचा आरोग्यविमा मायदेशात चालतो का, चालत असेल तर किती दिवस, हे पॉलिसीत स्वतः वाचा. बऱ्याच पॉलिसी मायदेशातल्या मुक्कामाला मर्यादा घालतात. सोबत मनाची तपासणीही ठेवा. चार वर्षं साथी, मृत्यू, एकटेपणा पाहून आलेल्या माणसाला झोप न लागणं, चिडचिड, प्रार्थनेत मन न रमणं हे विश्वास कमी झाल्याचं लक्षण नव्हे. समुपदेशकाकडे नवराबायकोनं दोघांनी जावं.

मुलं

तुम्ही घरी येता, मुलं परदेशी जातात. सात वर्षांच्या मुलाला बेळगाव म्हणजे व्हिडिओ कॉलवरचं गाव. निघण्याआधी महिनाभर रोज एका नातलगाचा फोटो दाखवा: ही आत्या, ही मावशी, यांना 'अहो' म्हणायचं, हिला 'ए' चालतं. इथली बोली कानावर घाला. घरात "काय करतोस?" ऐकलेलं मूल "काय करालाईस?" ऐकून गोंधळतं आणि गप्प बसतं, मग नातलग म्हणतात मराठी येत नाही. त्याच्यादेखत असं कुणी म्हणू नये, हे मोठ्यांना तुम्ही सांगायचं.

कर्नाटकातलं शालेय वर्ष मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सुरू होतं, आफ्रिकेतलं बहुतेक ठिकाणी जानेवारीत. सहा महिन्यांपेक्षा कमी राहणार असाल तर तिकडचाच अभ्यासक्रम घरी चालू ठेवा. शाळेत घालायचं असेल तर तिकडचा दाखला आणि गुणपत्रक निघण्याआधीच भारतीय दूतावासातून साक्षांकित करा. कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचा २०१५ चा कायदा आहे. मराठी माध्यमाची शाळा घेतली तरी कन्नड येणारच. काही महिन्यांच्या मुलाकडून कन्नडची परीक्षा कशी घेणार, हे प्रवेशाआधी मुख्याध्यापकांना विचारा. कन्नड अंक आणि बसच्या पाटीवरची चार-सहा गावं वाचता आली तरी मुलाला आपण इथले असल्यासारखं वाटतं.

मंडळ्यांच्या भेटी

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं. दोनशे वर्षं बाहेरून येणारे मिशनरी पाहिलेल्या या मंडळ्यांतून आता माणसं बाहेर जाताहेत. म्हणून लोक तुम्हाला मनापासून ऐकायला येतात. त्यांना नीट तयार होऊन भेटा.

महिन्यात चारपैकी तीनच रविवार द्या. चौथा तुमच्या स्वतःच्या मंडळीत, साधे सभासद म्हणून बसायला. त्या चर्चच्या पाळकसाहेबांना आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: उपदेश हवा की साक्ष, किती मिनिटं, कोणती भाषा. खानापूरकडे मराठी, गोकाक-बैलहोंगलकडे कन्नड, शहरात एकाच इमारतीत मराठी, कन्नड, इंग्रजी अशा वेगळ्या उपासना असू शकतात. दुभाषा असेल तर वेळ निम्मी होते. वीस मिनिटं मिळाली तर दहाच मिनिटांचं तयार करा आणि दुभाष्याला आदल्या दिवशी कागद द्या, विशेषतः शास्त्रवचनं आणि तिकडची नावं.

बारा फोटो पुरतात. वीज जाते, प्रोजेक्टर जुळत नाही, म्हणून तेच फोटो मोठ्या आकारात छापून पुठ्ठ्यावर लावून न्या. मागच्या बाकावरच्या आजी उपासनेनंतर ते हातात घेऊन बघतात. रुग्णांचे, उघड्या लेकरांचे, रडणाऱ्या माणसांचे फोटो दाखवू नका. तुमच्या आईचा असा फोटो परक्या गावात दाखवला तर कसं वाटेल, याच मापानं निवडा. धर्मकार्यावर निर्बंध असलेल्या देशात काम असेल तर गावाचं नाव, सहकाऱ्यांचे चेहरे आणि बाप्तिस्म्यांचे आकडे सभेत सांगू नका, कारण कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतं आणि त्याचे परिणाम तिकडचे विश्वासणारे भोगतात. सभा चर्चच्या आवारात, ठरलेल्या वेळेत ठेवा.

जेवणाची आमंत्रणं दिवसाला एकच. मुलांना प्रत्येक सभेला नेऊ नका आणि स्टेजवर बोलावून तिकडचं गाणं म्हणायला लावू नका. स्वतःहून म्हणालं तर आनंदच आहे.

परतीच्या आधी

निघण्याच्या आठ आठवडे आधी नव्या तारखा घेणं थांबवा. घरमालकाला सूचना द्या, डिपॉझिट बँकेतच परत मागा. मोबाइल नंबर पुन्हा रोमिंगवर घाला, आणि बँकेत नोंदवलेला पत्ता व ईमेल तपासा. मदतीचं वचन दिलेल्या प्रत्येक घराला भेटीनंतर पंधरा दिवसांत हातानं लिहिलेली चिठ्ठी पाठवा, निघायच्या धांदलीत ते राहतं.

मलेरियाची औषधं विसरू नका. बरीच वर्षं तिथं राहून अंगात आलेली थोडीफार प्रतिकारशक्ती काही महिने दूर राहिल्यावर ओसरते, मुलांची तर लवकरच. परत जाताना तुम्ही पुन्हा नवखे असता. मेफ्लोक्विन द्यायचं ठरलं तर ते दोन-तीन आठवडे आधी सुरू करावं लागतं. डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधी चालतं, पण आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला नाही. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलही एक-दोन दिवस आधी, मात्र ते इथल्या दुकानात हमखास मिळेल असं धरून चालू नका. महिनाभर आधी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मागणी नोंदवा, मुलांची वजनं त्याच दिवशी पुन्हा करा, कारण आजीच्या हातचं खाऊन ती वाढलेली असतात आणि डोस बदलतो.